चौदा गुणांचा फरक

१४ सप्टेंबर

ताई,

पत्र लिहितेय, कारण फोनवर दहा मिनिटं झाली की तुझी प्रार्थनेची घंटा होते, आणि ती नेमकी माझं म्हणणं सुरू झालं की होते. पत्राला घंटा नाही. शेवटपर्यंत वाचावं लागेल.

जूनमध्ये ‘भिंगरी पोचली, ठीक आहे,’ एवढंच कळवलंस. तेवढ्याने माझं भागत नाही. दादा-वहिनी काचेच्या कारखान्यात पाळीपाळीने भट्टीवर, म्हणून पोर पहिलीपासून माझ्याकडे राहिली. माझ्याच सरकारी शाळेत शिकली. चौथीत माझ्याच वर्गात तिने गणितात पंच्याण्णव मिळवले. आणि मग दादाने पेपर वाचला.

कात्रण खिशात घालून आला होता. कोर्टाचा निकाल ठेवावा तसं जेवणाच्या टेबलावर ठेवलं. ‘मिशन शाळांतील मुलं गणितात सरासरी चौदा गुणांनी पुढे.’ म्हणाला, “पाचवीपासून ताईकडेच घालतो. वसतिगृह आहे, शिस्त आहे, शिवाय चौदा गुण आहेत.” जणू काही तुमच्या फाटकाशी उभ्या असलेल्या सिस्टर येणाऱ्या प्रत्येकीच्या हातावर चौदा गुण ठेवतात!

अगं, तुझ्या शाळेसाठी अर्ज कोण करतं? ज्यांच्या घरात अर्ज वाचणारं माणूस आहे ते. ज्या आईला संध्याकाळी पोरीजवळ बसता येतं ती. माझ्या वर्गात धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन येणाऱ्याही असतात. त्यांची सरासरी काढायची, तुमची सरासरी काढायची आणि म्हणायचं, बघा शाळेचा प्रताप. फळं निवडून घ्यायची आणि कौतुक टोपलीचं करायचं!

दादाला हे समजावताना माझा घसा बसला. तो म्हणाला, “तू सरकारी शाळेतली, तू असंच म्हणणार.”

तिला रात्री पांघरूण पायाशी गुंडाळून लागतं. सांगायचं राहिलं होतं.

तुझी धाकटी

•

२७ सप्टेंबर

धाकटे,

शेवटपर्यंत वाचलं. दोनदा.

पहिली गोष्ट. आम्ही निवडून घेत नाही. तीन वर्षांपूर्वी मी प्रवेश परीक्षा बंद केली. वर्षभर संस्थेशी भांडले त्यासाठी. आता चिठ्ठ्या काढतो. माझ्या भाचीचीही चिठ्ठीच निघाली, आणि ती मी काढली नाही, चर्चच्या वाद्यवृंदातल्या एका आंधळ्या गृहस्थांनी काढली. तेव्हा टोपली वगैरे जपून लिहीत जा.

दुसरी गोष्ट. भिंगरी शांत आहे. वर्गात साठजणी, तशी हीही एक. पहिल्या दिवशी व्हरांड्यात मला ‘मोठी आत्या’ म्हणून हाक मारली. मी सांगितलं, इथे सिस्टर. तेव्हापासून सिस्टर म्हणते, इतक्या पटकन की मलाच कसंतरी झालं.

तिसरी गोष्ट, आणि ही तू सोडव. या मुलीचे मोजे टिकत नाहीत. आठवड्याला एक जोड, अंगठ्यापाशी भोक. वसतिगृहाच्या बाई रफू करून थकल्या. बूट आवळत असतील का? नखं मी स्वतः तपासली.

पांघरुणाचं सांगितलं आहे.

ताई

•

५ ऑक्टोबर

ताई,

आवळतातच बूट! वाढती पोर आहे. एवढी मोठी मुख्याध्यापिका तू, तुझ्या राज्यात पोरीच्या पायाला बूट पुरत नाहीत आणि हे मला पन्नास मैलांवरून सोडवायचं. दोन नंबर मोठे बूट पाठवतेय, काळे, नाडीचे. सोबत बिस्किटं आहेत, ती तिला दे, वसतिगृहाच्या कपाटाला नको.

चिठ्ठ्यांचं मला माहीत नव्हतं. मान्य करते, टोपली जरा लवकर बोलले. पण अर्ज करणाऱ्यांतूनच चिठ्ठ्या निघतात ना? म्हणजे पेपरवाल्याने अर्ज केलेल्यांची तुलना अर्ज न केलेल्यांशी केली. खरी तुलना कुणाची करायला हवी ते तू मला दिलंस, तुझ्या नकळत. तुझ्या चिठ्ठीत नाव निघालं नाही म्हणून माझ्याकडेच राहिलेल्या मुली! अर्ज त्यांनीही केला होता. आयाही तशाच. फरक नुसत्या चिठ्ठीचा.

चौथीचे गुण माझ्या रजिस्टरात आहेत. पाचवीच्या जिल्हा चाचणीचे गुण शिक्षण कार्यालयात. तिथल्या कारकुनाला पटवणं माझं काम.

धाकटी

•

१६ नोव्हेंबर

धाकटे,

पहिल्या चाचणीबद्दल मी तुला कळवलं नव्हतं, कारण तू ते कसं वाचलं असतंस ते मला माहीत आहे. भिंगरीला एक्केचाळीस मिळाले. आता राग गिळ आणि पुढचं ऐक. दुसऱ्या चाचणीत अठ्ठावन्न.

महिनाभर मी कच्च्या मुलींसाठी जादा तास घेते आहे. रोज पाऊण तास, पूर्ण शांतता, एका वेळी एक उदाहरण. त्याचा हा परिणाम. सरकारी शाळेतला गोंगाट तिच्या डोक्यात बसला होता, तो हळूहळू उतरतो आहे असं मी म्हटलं तर तू चिडशील, म्हणून म्हणत नाही.

मोजे आता टिकतात.

ताई

•

२२ नोव्हेंबर

ताई,

म्हणत नाही म्हणून लिहिलंसच की!

पंच्याण्णवाची पोर तू एक्केचाळीसवर आणलीस, मग अठ्ठावन्नवर चढवलीस आणि आता टाळ्या मागतेस? विहिरीत ढकलायचं आणि पोहरा सोडला म्हणून उपकार सांगायचे! दादाला फोन केला, तर त्याला एक्केचाळीसचं महिन्यापूर्वीच ठाऊक होतं. “तुला सांगू नको म्हणाली ताई.” छान. सगळं घर एकीकडे आणि मी एकीकडे.

आणि साधा प्रश्न विचारते. जादा तासाला बसणाऱ्या बाकीच्या मुली किती चढल्या?

तक्ता सोबत जोडला आहे. तीन वर्षांत माझ्या शाळेतून चिठ्ठीने तुझ्याकडे गेलेल्या मुली एकसष्ट. अर्ज केला पण चिठ्ठी निघाली नाही, अशा राहिलेल्या अठ्ठावन्न. चौथीला दोन्हींची सरासरी त्रेसष्ट. पाचवीच्या जिल्हा चाचणीला तुझ्या सहासष्ट, माझ्या साडेसहासष्ट.

चौदा गुणांचा फरक होता ना? अर्धा गुण उरला, तोही माझ्या बाजूने. मी पेन ठेवून एकटीच हसले. मग वाटलं, हसतेय कशाला? मला तर तुझ्या मुली घसरलेल्या बघायच्या होत्या. तशा त्या घसरल्याही नाहीत. म्हणजे दादाला सांगायला माझ्याकडे एवढंच की, कुठेही घातलीस तरी तेच. मग ती माझ्याकडेच का नाही?

धाकटी

•

१० डिसेंबर

धाकटे,

बाकीच्या अकराजणी दोन-तीन गुणांनी चढल्या. तू विचारलंस म्हणून पाहिलं. सतरा गुण एकटीच भिंगरी चढली. का, ते मला सांगता येत नाही.

तुझा तक्ता चांगला आहे. इथल्या गणिताच्या बाईंना दाखवला, त्यांना मुळीच आवडला नाही, म्हणजे चांगलाच असणार. पण तू सरासरी काढून थांबलीस. मी एकेका ओळीवर पट्टी ठेवून वाचलं. तुझ्याकडे राहिलेल्या मुली चौथीत जिथे होत्या तिथेच, चार-पाच गुण इकडे-तिकडे. माझ्याकडे आलेल्यांत मात्र सतराजणी दहाहून जास्त गुणांनी घसरल्या आणि एकोणीसजणी दहाहून जास्त गुणांनी चढल्या. त्या एकमेकींना खोडून टाकतात, म्हणून सरासरी शांत दिसते. आत चांगलीच उलथापालथ आहे.

घसरलेल्यांना तू लाल खूण केली आहेस. त्या मला छळतात, आणि छळायलाच हव्यात. पण चढलेल्या एकोणीसजणींना तू खूणच केली नाहीस. त्यांच्याबद्दल तुला काय वाटतं?

ताई

•

३० जानेवारी

धाकटे,

माझ्या पत्राला उत्तर नाही. दोन फोन केले, तू “वर्गात आहे” म्हणालीस. त्यांतला एक रविवारी होता.

तरीही लिहायलाच हवं. तिसऱ्या चाचणीत भिंगरीला एकोणचाळीस मिळाले. खरं सांगते, मला राग आला. मधे सगळं नीट चाललं होतं. पार्सलं, बिस्किटं, लाड यांनी मूल ढिलं पडतं. ते मोठे बूटही मी बदलले. ती प्रार्थनेला चॅपेलमध्ये चालली की फटक फटक आवाज व्हायचा. शाळेच्या मापाचे दिले. मोजे पुन्हा फाटतात.

आता मुख्य गोष्ट. आमच्याकडे सहावीपासून दोन तुकड्या होतात, पूर्ण गणित आणि व्यवहारी गणित. मार्चच्या परीक्षेत पंचेचाळीसच्या खाली असलेल्या मुली व्यवहारीत जातात. तिथून पुढे विज्ञानाला जाता येत नाही. हा नियम माझ्या आधीपासूनचा आहे. सध्या तेराजणी त्या यादीत आहेत. भिंगरी तेरावी.

मी तिची आत्या आहे, म्हणूनच मी काही करू शकणार नाही. हे तुला आत्ताच सांगते, म्हणजे मार्चमध्ये सांगावं लागणार नाही.

फेब्रुवारीच्या सुट्टीत तिला आठवडाभर तुझ्याकडे पाठवते. बघ काय होतं ते.

ताई

•

१९ फेब्रुवारी

ताई,

सापडलं. आधी खाली बस. चहाबिहा घेऊन बस.

काल सकाळी मी भाजी चिरत होते, ती समोर बसली होती. म्हटलं, चल, तोंडी गणित. सत्तेचाळीस आणि छत्तीस? पोरीने हाताची घडी घातली, ताठ बसली आणि गप्प. मी थांबले. भाजी चिरून झाली. मग म्हणते, “त्र्याहत्तर?” ही पोर, जी दुसरीत दुकानदाराच्या आधी बेरीज सांगायची!

ओरडायला तोंड उघडलं, तेवढ्यात चाकू खाली पडला. उचलायला वाकले तर टेबलाखाली तिचे अनवाणी पाय. बोटं वळवळताहेत, अंगठा फरशीवर दाबतोय, सुटतोय, दाबतोय.

“हे काय गं?”

“मोजतेय.”

“पायांनी?”

“हात बांधलेत ना.”

“मग सोड की!”

“तोंडी गणितात सोडायचे नसतात. लेखीतही बोटांवर मोजायचं नसतं. सिस्टरांचा नियम आहे. सगळ्यांचेच बांधलेले असतात.”

मी घडी सोडायला लावली. तिने दोन्ही हात टेबलावर पसरले आणि मी “अठ्ठावन्न आणि…” म्हणतेय तोवर तिची बोटं तयारीत. पंधरा बेरजा घातल्या. एक चुकली, तीही माझीच.

ती पद्धत माझी आहे, ताई. उजव्या हाताची चार बोटं एकेक, अंगठा पाच. डाव्याची चार बोटं दहा-दहा, अंगठा पन्नास. दोन हातांत नव्व्याण्णव मावतात. पहिलीपासून शिकवते. तुला कधी बोलले नाही, कारण दर तपासणीला साहेब येऊन मला ऐकवतात की हे बालवाडीचे चाळे आहेत. तुझ्याकडून तेच ऐकायची ताकद नव्हती.

आता पुढचं तिच्या तोंडून ऐक. “पायाचा अंगठा ऐकतो, पण बाकीची चार एकदमच हलतात, म्हणून गडबड होते. ते मोठे बूट होते ना, त्यात जरा जागा होती. आता घट्ट आहेत.”

कळलं? तुझा जादा तास नव्हता. माझे बूट होते! बूट मोठे झाले, अठ्ठावन्न. बूट घट्ट झाले, एकोणचाळीस. आणि आपण दोघी, एक बाई आणि एक मुख्याध्यापिका, पाच महिने शिस्त, गोंगाट, लाड, सरासरी असल्या गप्पा मारत बसलो!

मी विचारलं, “मला सांगितलं का नाहीस?” म्हणाली, “तू विचारलंच नाहीस. तू विचारायचीस, किती मिळाले.”

तो नियम कुणाचा आहे? काढून टाक.

धाकटी

•

२४ फेब्रुवारी

धाकटे,

नियम माझा आहे. बावीस वर्षांपूर्वी मी इथे नवी होते, वर्गात अठ्ठावन्न मुली. त्या बाकाबाकांवरून बोटांच्या खुणा करून एकमेकींना उत्तरं सांगायच्या. मी हाताची घडी घालायला लावली, त्या दिवशी नक्कल थांबली. आमच्या शांततेचं सगळीकडे कौतुक होतं, ती तिथून सुरू झाली.

पाचवीतल्या मुलीला बोटांशिवाय मोजता आलं पाहिजे. ते येत नसेल तर दोष शिकवणाऱ्याचा आहे. आणि ही सवय तू लावलीस आणि माझ्यापासून लपवलीस.

माझ्या भाचीसाठी मी नियम मोडणार नाही. साठ मुली आणि त्यांचे आईबाप माझ्याकडे पाहत असतात.

ताई

•

२८ फेब्रुवारी

ताई,

भिंगरीसाठी मोडू नकोस. भिंगरीचं नावच काढू नकोस. तिला व्यवहारी गणितात टाकलंस तर मी दादाशी भांडून तिला परत आणीन. तिला मी आहे.

त्या लाल खुणेच्या सतराजणींचं काय? मी रजिस्टर काढून बसले. सतरापैकी बाराजणी माझ्याकडे असताना बोटांवर मोजायच्या. एकेकीचे हात मला आठवतात. एकीच्या करंगळीला चामखीळ होती, ती करंगळी सोडून मोजायची आणि तरी उत्तर बरोबर. यातल्या सातजणी आज तुझ्या व्यवहारी तुकडीत आहेत. कार्यालयाच्या यादीत बघितलं.

हा तीन वर्षांचा हिशेब झाला. तुझा नियम बावीस वर्षांचा आहे.

आणि त्या एकोणीसजणी, ज्या तुझ्याकडे येऊन चढल्या. मला माहीत आहे तू कशाची वाट बघते आहेस. पण आज मी चिडलेली आहे आणि आज मला प्रामाणिक व्हायचं नाही.

धाकटी

•

२१ मार्च

धाकटे,

उशीर झाला. तुझं पत्र चार दिवस टेबलावर तसंच होतं. पाचव्या दिवशी मी पाचवीच्या वर्गात मागच्या बाकावर बसले, हाताची घडी घालून, आणि बाईंना म्हटलं, मलाही विचारा. तीन बरोबर आली. चौथ्या बेरजेला माझा अंगठा दंडाखाली दाबला जातोय हे माझ्या लक्षात आलं. वर पाहिलं, तर पुढच्या रांगेतल्या मुलीच्या खांद्याचं हाड तसंच हलत होतं. मी या वर्गात बावीस वर्षं पुढून उभी राहिले आहे. पुढून फक्त घड्या दिसतात.

दुसऱ्या दिवशी सांगितलं, हात सोडा. मुलींनी काय करावं? साठच्या साठजणींनी हात पाठीमागे घेतले. म्हटलं, तसे नाही, बाकावर ठेवा. ठेवले, पालथे, एक बोट हलेना. त्यांना वाटलं ही नवी शिक्षा आहे. शेवटी मी भिंगरीला पुढे बोलावलं आणि म्हटलं, सिस्टरला शिकव. तिने माझे हात धरून टेबलावर मांडले. “हा अंगठा पन्नास, आत्या,” असं म्हणाली आणि घाबरून जीभ चावली. मी काही दुरुस्त केलं नाही.

नक्कल सुरू झाली का? झाली. दोघींना उठवून वेगळं बसवलं. एवढं साधं होतं ते.

परीक्षा आठवडाभर पुढे ढकलली. पेपर मी काढला नाही, तपासलाही नाही, दोन्ही कामं दुसऱ्या शाळेतल्या बाईंनी केली. तेरापैकी सातजणी वर आल्या. सहाजणी राहिल्या, सगळंच बोटांनी सुटत नाही. भिंगरीला सत्तेचाळीस. दोन गुणांनी वाचली. पंच्याण्णवाची मुलगी आणि आपण सत्तेचाळीसवर देवाचे आभार मानतो आहोत. एका वर्षात भीती किती खाते, ते मला आता कळलं. तू लिहिलेल्या त्या सातजणी, ज्या आधीच व्यवहारीत आहेत, त्यांना पुन्हा परीक्षा द्यायची मुभा मी दिली आहे. संस्थेला अजून कळवलेलं नाही.

आणि त्याआधीच्या? जुनी रजिस्टरं काढली. बावीस वर्षांत व्यवहारी गणितात गेलेल्या मुली दोनशे चौऱ्याहत्तर. त्यांतल्या किती हातांमुळे गेल्या, ते कुठेच लिहिलेलं नाही. मी पहिल्या वर्षाची पहिली मुलगी शोधली. शोधायची गरजच नव्हती. ती आमचे गणवेश शिवते. शाळेच्या मागच्या गल्लीत तिचं दुकान आहे.

तिला वाटलं, मी नव्या वर्षाची मापं द्यायला आले. खुर्चीवरचं कापड तिने बाजूला केलं. मी विचारलं, “पाचवीत असताना तू बोटांवर मोजायचीस का गं?”

ती म्हणाली, “आताही मोजते. गिऱ्हाईक समोर असलं की टेबलाखाली. का हो?”

मी सांगितलं. सगळं सांगितलं, नियम, परीक्षा, आपला तक्ता. ती मशीन चालवता चालवता ऐकत होती. मग पाय थांबवला.

“मला नर्स व्हायचं होतं, सिस्टर. ‘तुझं व्यवहारी गणित आहे, जमणार नाही’ म्हणाले. मला वाटायचं, माझं डोकंच नाही.”

तिने दातांनी दोरा तोडला.

“मग आता काय म्हणता? पाचवीत येऊन बसू परत?”

“नाही. मी तुला सांगायला आले की माझी चूक झाली.”

“मग तसं म्हणा की. मघापासून नियम नियम काय सांगताय?”

मी म्हटलं, माझी चूक झाली. तिने ऐकलं, मान हलवली. “असू दे” म्हणाली नाही. पुन्हा मशीन सुरू केली. मी उभी राहिले, मग निघाले. दारात आल्यावर मागून म्हणाली, “मापं सोमवारी पाठवा. उशीर केलात तर माझ्याच्याने होणार नाही.”

दोनशे त्र्याहत्तर उरल्या. सगळ्या सापडणार नाहीत. उद्या दुसरीकडे जाईन.

ताई

•

३० मार्च

ताई,

तुझं पत्र वाचून मला तुझ्यावर ओरडता येईना, हा आणखी एक वैताग.

त्या एकोणीसजणींचं सांगते. डिसेंबरपासून टाळतेय. त्यांतली एक मागच्या आठवड्यात बाजारात भेटली, परीक्षा संपवून घरी आली होती. आता सातवीत आहे, तुझ्याकडे, पूर्ण गणितात. माझ्याकडे असताना जेमतेम पास व्हायची. म्हटलं, काय गं, तिकडे जाऊन हुशार झालीस? ती लाजली. “बाई, तुमच्या वर्गात मज्जा यायची. पण मला ऐकूच यायचं नाही.”

माझा वर्ग! मला तर वाटायचं, तो गोंगाट म्हणजेच मुलं शिकताहेत याची खूण. एकीने बोटं नाचवायची, दुसरीने ओरडून उत्तर द्यायचं, मी फळ्यावर हात आपटायचा. मागच्या बाकावर एखादी कान टवकारून बसली असेल, हे मला पुढून दिसलं नसणार. शेजारच्या बाईंनी एकदा सुचवलं होतं, जरा हळू. मी त्यांना आखडू म्हटलं. या सोमवारपासून रोज दहा मिनिटं सगळे गप्प, असं ठरवलं. पहिल्या दिवशी तीन मिनिटं टिकलं, चौथ्या मिनिटाला मीच बोलले.

पेपरवाल्याला तक्ता पाठवला होता. त्याने उत्तर दिलं. फरक नसेल तर बातमी होत नाही म्हणे.

आता भिंगरीचं. काल तू फोन तिच्या हातात दिलास ते बरं केलंस. मी सगळं ठरवून बसले होते. दादाला गाठून तयार केलं होतं, तो म्हणाला, “तिला हवं असेल तर ने बाई, तुझ्यापुढे कोण बोलणार.” तिचं कपाट पुसून ठेवलं होतं. म्हटलं, “ये परत. सहावी इथे कर. इथे कुणी हात बांधायला लावणार नाही.”

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मला वाटलं, रडतेय आनंदाने. मग म्हणते, “छोटी आत्या, त्या सहाजणी राहिल्यात ना व्यवहारीत, त्यांना मी रोज दुपारी शिकवते. दोघींना डावा हात आलाय, बाकीच्यांना अजून उजवाच येतोय. अर्धं शिकवून कशी येऊ?”

मी म्हटलं, कुणी दुसरी शिकवेल. म्हणाली, “दुसरीला येत नाही.”

हे कुणाचं बोलणं आहे ते तुला कळलं असेल. अंगात ताप असताना मी शिकवायला निघाले की, इकडे आलेला असला तर दादा दार अडवायचा, आणि मी त्याला हेच ऐकवायची. पोरीने चार वर्षं माझ्या घरात राहून पाढे उचलले असते तर चाललं असतं. हे कशाला उचललं?

म्हटलं, बरं. तिने “ठेवते हं” म्हणून ठेवलासुद्धा, घंटा न होता.

तर ताई, पोर तुझ्याकडे राहतेय. तुझ्या शाळेमुळे नाही, माझ्या शाळेमुळेही नाही, आणि हे कुठल्या तक्त्यात बसवायचं ते मला समजत नाही. मी अजून चिडलेलीच आहे. तुझ्यावर नाही, दादावर नाही, तिच्यावर तर नाहीच. कुणावर ते शोधायला सकाळपासून घरभर फिरतेय. घर दोन खोल्यांचं. शोधून झालं.

धाकटी